शेव-फरसाणाऐवजी पानावर भुरभुरायला अख्ख्या धान्याचे कुरकुरीत काही घरी करता येईल का?

माजघर

नमस्कार. आमच्या घरात मऊ जेवणावर काहीतरी कुरकुरीत पडल्याशिवाय कोणाचा घास उतरत नाही. मटकीच्या उसळीवर शेव, पोह्यांवर शेव, आमटी-भातावर फरसाण आणि उपमा असला तरी त्यावर मूठभर चिवडा, अशी सवय लागून आता काही वर्षे झाली आहेत. गेल्या महिन्यात मी सहज हिशोब मांडला, तेव्हा पाच माणसांत दीड किलो शेव-फरसाण संपल्याचे लक्षात आले. सासूबाई बहात्तर वर्षांच्या असून त्यांना दोन्ही कवळ्या आहेत, यजमानांना दोन वर्षांपासून मधुमेहाची गोळी सुरू आहे, मोठी मुलगी नऊ वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा आहे. कुरकुरीत खाण्याची हौस मोडायची नाही, फक्त ते तळलेल्या बेसनाऐवजी अख्ख्या धान्याचे असावे आणि घरी करता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

मी एक प्रयोग करून पाहिला आणि तो सपशेल फसला. ओट्सचे पोहे, चुरमुरे, तीळ, जवस आणि शेंगदाणे एकदमच कढईत घालून भाजले. तीळ करपले, शेंगदाणे कच्चे राहिले, आणि जे काही तयार झाले ते डब्यात भरल्यावर दुसऱ्या दिवशी सादळले. उसळीवर घातले तर ओट्सचा क्षणात लगदा झाला. धाकट्याने ताटाकडे बघून "आई, हे भिजलेलं आहे" असे जाहीर केले आणि सर्वांनी पुन्हा शेवेची बरणी ओढली.

कोणते धान्य घ्यावे, ते कसे कुरकुरीत करावे आणि किमान आठवडाभर तसेच कसे ठेवावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? घरी साधी शेगडी, लोखंडी कढई आणि तवा आहे. लहान ओव्हन आहे, परंतु तो क्वचितच वापरला जातो.

सीनाकाठ

माजघरताई, तुम्हाला हवे असलेले जिन्नस आमच्या सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त त्याला कोणी 'वरून घालायचा पदार्थ' म्हणत नाही. ती म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापून, भाजून, नंतर मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत ठेवली की ती आठ-पंधरा दिवस टिकते. प्रवासाला, शेतावर, आजाऱ्याला, सगळीकडे ती चालते. आमच्याकडे ती शेंगाचटणीबरोबर खातात किंवा आमटीत कुस्करतात. हीच भाकरी जाडसर चुरली की उसळीवर टाकण्यासाठी तिच्यासारखे दुसरे काही नाही, कारण ती रस्सा लगेच पीत नाही. शेवेचा जो मुख्य गुण, म्हणजे ओल्या पदार्थावर चार-पाच मिनिटे तग धरणे, तो तेलाचा थेंबही न घालता हिच्यात येतो.

तुमचे ओट्स का फसले तेही सांगते. ओट्सचे पोहे आधी वाफवून मग दाबून चपटे केलेले असतात, म्हणून ते पाणी फार पटकन शोषतात. बाजारातल्या ओट्सच्या मिश्रणांना जो कुरकुरीतपणा येतो तो साखरेच्या पाकाने किंवा मधाने आणि तेलाने त्यांवर थर चढवल्यामुळे येतो. नुसते कोरडे भाजून तसे होणार नाही. चुरमुऱ्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, ते अख्खे धान्य नव्हे, कारण तांदळाचा कोंडा आणि अंकुर आधीच निघून गेलेला असतो. ज्वारीच्या भाकरीत मात्र पीठ चाळून टाकले नाही तर दाण्याचे सगळे भाग येतात.

आता कृती. ज्वारीचे पीठ ताजे दळलेले असावे, कारण जुन्या पिठाची भाकरी थापतानाच विरते. दोन वाट्या पिठाला चिमूटभर मीठ लावून, कडकडीत पाणी घालून आधी उलथन्याच्या टोकाने मिसळावे आणि हाताला सोसेल तेव्हा भरपूर मळावे. थापताना वरून तीळ पेरावेत. भाकरी नेहमीपेक्षा निम्म्या जाडीची हवी. नेहमीप्रमाणे पाणी लावून दोन्ही बाजूंनी भाजावी, फुगली तर फुगू द्यावी. मग तवा अगदी मंद करून, स्वच्छ फडक्याच्या बोळ्याने दाबत, उलटसुलट करत दहा-बारा मिनिटे ठेवावी. चूल होती तेव्हा आजी भाकऱ्या निखाऱ्यांपाशी उभ्या करून ठेवायची आणि बाकीची भांडी घासून होईपर्यंत त्या कडक व्हायच्या. ओव्हन असेल तर 150 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवली तरी तेच होते. कडेचा तुकडा मोडून पाहावा. काटकन आवाज आला तर झाली, वाकली तर अजून ओल आहे. मधला भाग सर्वांत शेवटी कोरडा होतो आणि फसगत तिथेच होते, म्हणून तुकडा मधूनही मोडून पाहावा.

भाकऱ्या पूर्ण गार झाल्यावरच चुराव्यात. मिक्सरमध्ये घालू नका, अर्धे पीठ होते. जाड फडक्यात गुंडाळून वरून वरवंटा किंवा पितळी तांब्या हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे मटकीच्या दाण्याएवढे तुकडे मिळतात. खाली जे बारीक पीठ उरते ते ताकात किंवा आमटीत जाते, वाया काही जात नाही.

थापायचा कंटाळा आला तर सोलापुरात बचत गटांच्या बायका कडक भाकऱ्या करून विकतात आणि त्या आता इतर शहरांतही मिळू लागल्या आहेत. मात्र विकत घेताना बाजरीची असेल तर वास घेऊन पाहा. बाजरीत स्निग्धांश ज्वारीच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे ती लवकर खवट होते.

कढईतले

सीनाकाठ यांच्या कडक भाकरीला माझे अनुमोदन आहे. त्यात ज्वारीच्या लाह्यांची भर घालावी, असे सुचवतो. नागपंचमीला घरोघर होतात त्याच लाह्या. भाकरीचा चुरा जड असतो, लाह्या हलक्या असतात, आणि दोन्ही मिळून घासात जो फरक जाणवतो तो एकट्या कशानेच येत नाही.

लाही फुटते कशी हे कळले की हात बसतो. दाण्याच्या आत थोडी ओल असते आणि बाहेर घट्ट साल असते. झटकन तापवले की आतल्या पाण्याची वाफ होते, सालीमुळे ती कोंडली जाते, आणि साल फाटताच आतला पिठूळ गाभा फुलून बाहेर येतो. म्हणून दाणा फार कोरडा असेल तर वाफच पुरत नाही, आणि आच मंद असेल तर वाफ हळूहळू निसटून जाते व दाणा नुसता भाजला जातो. भाकरीची टपोरी मालदांडी ज्वारी लाह्यांना तितकीशी चांगली नाही. बारीक, गोल, कठीण दाण्याची ज्वारी घ्यावी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी 'फुले पंचमी' नावाचे वाण दिले आहे. तुमच्याकडच्या धान्यवाल्याकडे ते मिळाले तर उत्तमच.

ज्वारी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालून उपसावी, पूर्ण निथळावी, कोरड्या कापडात बांधून रात्रभर ठेवावी. सकाळी दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे. कढई धूर निघण्याच्या बेतापर्यंत तापवून एका वेळी फक्त एक मूठ ज्वारी टाकावी आणि कापडाच्या पुरचुंडीने सारखी फिरवत दाबावी. पहिली लाही उडताच झाकण ठेवावे. आवाज थांबू लागला की लगेच परातीत ओतावे. वाटीभर टाकण्याचा मोह धरला की कढई थंड होते आणि निम्मे दाणे गांगडू राहतात. भडभुंजे तापलेल्या वाळूत भाजतात ते याचसाठी, की प्रत्येक दाण्याला चहूबाजूंनी एकदम आच लागावी. घरी वाळूच्या भानगडीत पडू नका. नीट चाळली गेली नाही तर दाताखाली कचकच येते.

लाह्या मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून गांगडू काढून टाकावेत. तुमच्या घरी कवळ्या आणि चार वर्षांचे मूल आहे, त्यामुळे हे काम अजिबात टाळू नये.

आता मिश्रण. माझे प्रमाण असे आहे: लाह्या चार वाट्या, कडक भाकरीचा चुरा दोन वाट्या, पंढरपुरी डाळं अर्धी वाटी, तीळ व जवस दोन-दोन मोठे चमचे, तेल चार चहाचे चमचे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन काड्या कढीपत्ता, हिंग, हळद, तिखट आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. तीळ, जवस, डाळं आणि लाह्या प्रत्येकी वेगवेगळे भाजावेत. तुमचे गणित इथेच चुकले होते. तीळ मिनिटभरात तडतडतात, शेंगदाण्यांना दहा मिनिटे लागतात, आणि या दोघांना एका कढईत एकत्र आणले तर एकाचा बळी जाणारच.

फोडणीत लसूण आणि कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत थांबावे. पान चुरगाळल्यावर त्याची भुकटी झाली पाहिजे. या दोन जिन्नसांत उरलेली ओल सगळा डबा सादळवते, आणि दोष मात्र धान्याच्या माथी येतो. मीठ मिक्सरमध्ये बारीक करून घ्यावे. जाडे मीठ लाहीला चिकटत नाही, तळाशी बसते आणि शेवटची मूठ खारट होते. गॅस बंद करून हळद, तिखट, मीठ घालावे, मग चुरा, डाळं आणि बिया, आणि सर्वांत शेवटी लाह्या घालून हलक्या हाताने खालीवर करावे.

चवीपुरते

मी तज्ज्ञ नाही, पण सरळ विचारतो. शेव अर्धी करून पानात वाढली तर एवढा खटाटोप कशासाठी? मूठभर शेवेने कोणाचे काय बिघडले आहे?

पथ्यपाणी

मी आहारशास्त्राचे काम करते, म्हणून 'चवीपुरते' यांच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देते. मूठभर शेवेने कोणाचे काही बिघडत नाही हे मान्य. परंतु मूळ प्रश्नात महिन्याला दीड किलो असा आकडा आहे, म्हणजे माणशी तीनशे ग्रॅम, आणि शेवेच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक तेलच असते. 'कढईतले' यांच्या प्रमाणात सगळे मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास वजन होईल आणि त्यात ओतलेले तेल जेमतेम वीस ग्रॅम. तीळ-जवसाचा स्वतःचा स्निग्धांश धरला, तरी शेवेच्या निम्म्याहून ते कमीच भरते. मिठाचेही तसेच. अर्धा चमचा म्हणजे अडीच ग्रॅम मीठ तीनशे ग्रॅमला पसरते, तेव्हा पंधरा ग्रॅमच्या मुठीत ते नगण्य राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते, आणि आपल्याकडे पापड, लोणचे व फरसाण यांतच त्याचा मोठा वाटा संपतो.

आता दोन गोष्टींबद्दल सावध करते, कारण 'पौष्टिक' हा शब्द डब्यावर चिकटला की आपला हात मोकळा सुटतो. पहिली गोष्ट मधुमेहाची. लाही फुलल्यामुळे तिच्यातले पिष्ट लवकर पचते आणि रक्तातली साखर दाण्याच्या मानाने झपाट्याने वाढू शकते. याचा अर्थ लाह्या वर्ज्य असा नाही, तर त्या मोजून घ्याव्यात असा आहे. पंधरा ग्रॅमची मूठ म्हणजे भाकरीच्या चतकोरापेक्षा थोडे कमीच. यजमानांनी ही मूठ घेतली तर पानातली भाकरी चतकोराने कमी करावी, म्हणजे हिशोब जुळतो. उसळ, दही, कोशिंबीर यांवर ती घालणे नुसत्या भातावर घालण्यापेक्षा बरे, कारण प्रथिने आणि चोथा बरोबर असला की साखर सावकाश चढते.

दुसरी गोष्ट मुलाची. चार वर्षांच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, गांगडू किंवा कडक भाकरीचे मोठे तुकडे देऊ नयेत. ठसका लागून ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्याच्यासाठी त्याच मिश्रणातले दोन चमचे खलबत्त्यात भरड करून दह्यावर घालावेत. सासूबाईंच्या कवळ्यांनाही हीच भरड सोयीची पडेल, कारण लाहीची टरफले कवळीखाली जाऊन टोचतात.

जवसाबद्दल एक सूचना: अख्खा जवस नीट चावला गेला नाही तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो. भाजून जाडसर कुटावा, मात्र कुटलेला जवस आठवड्यात संपवावा, कारण त्याचे तेल हवेने लवकर खवट होते. नाचणी हवी असेल तर तिच्या लाह्यांच्या नादी लागू नका, त्या रवाळ होतात आणि ताटात हरवतात. कडक भाकरीच्या पिठात तिसरा हिस्सा नाचणीचे पीठ मिसळा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तिळाची त्यात भर पडते.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार खर्ची घालून केलेल्या प्रयोगाची हकीगत लिहिते.

पहिल्या रविवारी कडक भाकऱ्या केल्या. सहापैकी चार काटकन मोडल्या आणि दोन मध्यभागी चिवट निघाल्या. सीनाकाठताई, तुम्ही सांगितलेली फसगत अगदी त्याच जागी झाली. त्या दोन पुन्हा ओव्हनमध्ये ठेवल्या. लाह्यांचा पहिला घाणा पूर्ण वाया गेला, कारण कढई पुरेशी तापलेली नव्हती. दुसऱ्या घाण्यात मूठभरच ज्वारी घातली, आणि झाकणाखालून जो तडतडाट सुरू झाला त्याने दोन्ही मुले स्वयंपाकघरात धावत आली. झाकण किंचित सरकले तेव्हा एक लाही सासूबाईंच्या चष्म्यावर जाऊन बसली.

मिश्रण चवीला उत्तम झाले. मात्र मी ते कोमट असतानाच बरणीत भरून झाकण लावले. तासाभराने पाहते तो काचेच्या आतल्या बाजूने दव आलेले. रात्री सगळे परातीत पसरून, तव्यावर थोडे थोडे परत गरम करून वाचवले. दुसऱ्या रविवारी परातीवर कागद टाकून दोन तास गार केले, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरले, आणि आज सहावा दिवस असूनही ते कुरकुरीत आहे.

घरातला निकाल असा आहे. मटकीच्या उसळीवर भाकरीचा चुरा सर्वांना पसंत पडला. पोह्यांवर मात्र मुलगी शेवच मागते. यजमान मोजून मूठ घेतात, आणि भाकरीचा चतकोर परत टोपलीत ठेवताना सर्वांना दाखवून ठेवतात. दोन शंका उरल्या आहेत. आमटी-भातावर घातलेल्या लाह्या अर्ध्या मिनिटात बसतात, त्याला काही उपाय आहे का? आणि पावसाळ्यात हे कसे टिकवावे?

कढईतले

लाही रस्सा शोषणारच, तिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. दोन डबे करा. एकात लाह्या, डाळं आणि फोडणी. हा डबा पोहे, उपमा, कोशिंबीर अशा कोरड्या किंवा दाट पदार्थांसाठी. दुसऱ्यात भाकरीचा चुरा, तीळ आणि कुटलेला जवस. हा आमटी, उसळ आणि सुपासाठी. वाढताना ताटात घालू नका, डबा पानाजवळ ठेवा आणि ज्याने त्याने दर दोन-तीन घासांना चिमूटभर घ्यावे. आमच्याकडे असे केल्यापासून मिश्रण कमी लागते.

मुलीच्या पोह्यांसाठी पहिला महिनाभर निम्मी बारीक शेव या मिश्रणात मिसळा आणि दर आठवड्याला शेव थोडी कमी करा. माझ्या भाच्याला तिसऱ्या आठवड्यात कळले, पण तोवर त्याला लाह्या आवडू लागल्या होत्या.

सीनाकाठ

पावसाळ्यात चुरा करून ठेवूच नका. अख्ख्या कडक भाकऱ्या डब्यात उभ्या रचून ठेवाव्यात आणि लागेल तेवढी एक काढून, तव्यावर मिनिटभर गरम करून, गार झाल्यावर चुरावी. चुऱ्याला चहूबाजूंनी हवा लागते, म्हणून तो अख्ख्या भाकरीच्या आधी सादळतो. फोडणीचे मिश्रण त्या दिवसांत चार-पाच दिवसांपुरतेच करावे. डब्यात ओला चमचा जाऊ देऊ नये. आमच्याकडे त्यासाठी डब्यात एक लाकडी डाव कायमचा ठेवलेला असतो. बाजरीची कडक भाकरी मी श्रावणात करत नाही, संक्रांतीच्या आसपास करते, तेव्हा ती थंडीत टिकतेही आणि अंगीही लागते.

माजघर

दोन डब्यांची युक्ती आजच अमलात आणली. सासूबाईंनी भाकरीच्या डब्याचा ताबा स्वतःकडे घेतला आहे. दुपारी जेवायला बसण्यापूर्वी त्या एक भाकरी फडक्यात गुंडाळून तांब्या फिरवतात, आणि धाकटा तो आवाज ऐकून हात धुवायला जातो.

चवीपुरते

कडक भाकरी करून पाहिली. माझी माघार. लसूण थोडा जास्त घातला तर चालेल ना?

कढईतले

चालेल, पण तो पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत थांबा.